कानशिलातून मेंदूकडे

कानाच्या पुढे, गालाचं हाड जिथे कानाला भिडतं तिथे बोटाचं टोक अलगद ठेवा. नाडी लागेल. ही कानशिलाची धमनी. डोक्याच्या कातडीला रक्त पुरवणं हे तिचं काम. ती कवटीच्या बाहेरच राहते आणि बाहेरच संपते. 30 ऑक्टोबर 1967 रोजी झुरिकमध्ये एका सर्जनने ही धमनी कातडीतून सोडवून घेतली, कवटीला खिडकी पाडून आत नेली आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मिलिमीटरभर जाडीच्या धमनीला शिवली. कवटीबाहेरचं रक्त मेंदूत वाहू लागलं.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात न्यूरोसर्जरीच्या थिएटरची सिस्टर होते. ही शस्त्रक्रिया आमच्याकडे क्वचितच व्हायची, पण ज्या दिवशी असायची त्या दिवशी थिएटरात वेगळीच शांतता असे. पुस्तकं या शस्त्रक्रियेचा इतिहास सर्जनांच्या नावांनी सांगतात, आणि ती नावं मोठीच आहेत. मला मात्र तो ट्रॉलीच्या बाजूने दिसतो. सुई कोणी धरायला शिकवलं, धागा कुठून आला, एवढं बारीक काम जमल्यावर ते रुग्णाच्या उपयोगी पडतं का हे कोणी तपासलं, या प्रश्नांची उत्तरं म्हणजे माझ्या लेखी हा इतिहास.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला 15 ते 20 टक्के वाटा तो घेतो. रक्त पूर्ण थांबलं तर काही मिनिटांत पेशी मरू लागतात. हे रक्त मानेतल्या चार धमन्यांतून येतं, दोन पुढून आणि दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. इंग्लंडमधले थॉमस विलिस यांनी 1664 साली आपल्या ग्रंथात या कड्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातल्या आकृत्या क्रिस्टोफर रेन यांनी काढल्या होत्या, पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे तेच रेन. विलिसनी एका मृत माणसाच्या तपासणीत पाहिलं होतं की मानेतली एक मोठी धमनी पूर्ण बंद होती, तरीही त्याला अर्धांगवायू कधी झाला नव्हता, कारण दुसरी धमनी फुगून तिचं काम करत होती. पाटाचं पाणी एका बाजूने अडलं की शेतकरी शेजारच्या चारीतून ते वळवून आणतो, तसं शरीराने आपलं आपण केलं होतं. ज्या माणसाचं शरीर हे करू शकत नाही, त्याच्यासाठी ते हातांनी करता येईल का? या प्रश्नाला उत्तर मिळायला तीनशे वर्षं लागली.

त्यासाठी आधी रक्तवाहिनी शिवता यायला हवी होती. 24 जून 1894 रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुऱ्याने वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि काही तासांतच ते गेले. फाटलेली शीर शिवणं त्या काळी कुणालाच येत नव्हतं. लियाँमध्येच वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या तरुण अलेक्सी कारेलला हे असह्य झालं. लियाँ हे रेशमाचं शहर. तिथल्या मादाम लेरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन कारेल बारीक सुईचं काम शिकला. बारीक सुया, व्हॅसलीन लावलेला रेशमी धागा आणि एक साधी युक्ती एवढ्यावर त्याने काम उभं केलं. वाहिनीचं तोंड गोल असतं, गोल कडेवर टाके सरळ पडत नाहीत. तीन ठिकाणी टाके घेऊन ते ताणून धरले, की गोलाचा त्रिकोण होतो आणि प्रत्येक बाजू सरळ शिवता येते. ही पद्धत त्याने 1902 साली प्रसिद्ध केली. 1912 साली त्याला नोबेल मिळालं. भरतकाम करणाऱ्या त्या बाईंचं नाव फार थोड्या ठिकाणी सापडतं. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची पहिली शिक्षिका म्हणून मी त्यांचं नाव आदराने घेते.

कारेलच्या टाक्यांनी हातापायांच्या मोठ्या धमन्या जोडता येऊ लागल्या. मेंदू मात्र दूर राहिला, कारण पक्षाघाताचं मूळ बऱ्याचदा मानेत असतं हेच नीट कळलेलं नव्हतं. शवविच्छेदनात मेंदू काढून पाहत, मानेतल्या धमन्या सहसा उघडत नसत. मिलर फिशर या कॅनडाच्या डॉक्टरांनी ती सवय मोडली. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते आणि काही वर्षं जर्मनीत युद्धकैदी होते. परतल्यावर मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी रुग्णांना बारकाईने प्रश्न विचारले. एका डोळ्याची नजर काही मिनिटं जाते, परत येते, आणि काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचा हातपाय लुळा पडतो, ही साखळी त्यांच्या लक्षात आली. मानेतली धमनी अडलेली असली तरच हे जुळतं. 1951 साली त्यांनी ते लिहून काढलं, आणि त्याच लेखात सुचवलं की कवटीबाहेरच्या धमनीची एखादी फांदी अडथळ्याच्या पलीकडे जोडण्याचा मार्ग शल्यचिकित्सेला एक दिवस सापडेल. फिशर स्वतः सर्जन नव्हते. सोळा वर्षांनी जे घडलं त्याचं चित्र त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून पाहिलं होतं.

मानेतल्या धमनीतला साका काढून ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लवकरच, 1953-54 च्या सुमारास सुरू झाली. पण धमनी पूर्ण बंद झालेली असेल किंवा अडथळा कवटीच्या आत असेल, तर तिथे हात पोचत नव्हता. फ्रान्समध्ये जाँ कुनलँ यांनी 1948 साली मांडीतल्या बंद धमनीला वळसा घालण्यासाठी पायाचीच शीर वापरली होती. 1963 साली व्होरांजे आणि कुनलँ यांनी तशीच शीर मानेतून थेट कवटीच्या आतल्या धमनीपर्यंत नेली. रुग्ण वाचला नाही, पण जोडलेली शीर उघडी होती. जोड टिकतो, हे त्यातून कळलं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्या मात्र याहून कितीतरी बारीक. तिथे नुसता डोळा कामाचा नव्हता.

सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेत पहिल्यांदा आणला तो कानाच्या डॉक्टरांनी, 1921 साली स्टॉकहोममध्ये. 1953 साली झाइस कंपनीचा दोन्ही डोळ्यांनी पाहायचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आला, तोही आधी कानांसाठीच. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात ज्यूलियस जेकबसन यांना कुत्र्याच्या मानेतली धमनी कापून पुन्हा जोडायची होती. नुसत्या डोळ्यांना ते जमेना. त्यांनी कानाच्या विभागातला सूक्ष्मदर्शक मागून आणला, आणि अडचण हातांची नव्हती, डोळ्यांची होती हे त्यांना दिसलं. 1960 साली जेकबसन आणि सुआरेझ यांनी बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याबद्दल लिहिलं. त्याच विद्यापीठातले मेंदूचे सर्जन रेमंड डोनाघी यांनी या कामाची प्रयोगशाळा चालवली. घड्याळजी वापरतात ते चिमटे तिथे उपयोगात आले. त्या प्रयोगशाळेचा रोजचा कारभार एस्थर रॉबर्ट्स या बाईंच्या हाती होता, आणि येणाऱ्या सर्जनांना टाके घालायला शिकवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

1965 च्या शरद ऋतूत तिथे झुरिकहून गाझी याशारगिल आले. जन्म 1925 चा, तुर्कस्तानातल्या दियारबाकर भागातला. शिक्षण अंकारात, मग युद्धकाळातल्या जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये. झुरिकचे प्रमुख ह्यूगो क्रायेनब्यूल यांनी त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. चाळिशीला आलेला, नावलौकिक असलेला सर्जन वर्षभराहून अधिक काळ प्रयोगशाळेत बसला आणि प्राण्यांच्या धमन्या पुन्हा पुन्हा शिवत राहिला. मांडीच्या धमनीपासून सुरुवात, मग मानेची, मग मेंदूवरची. कानशिलाची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडणं त्यांनी तिथेच आधी कुत्र्यांवर साधलं. रुग्णाला हात लावण्याआधी हात तयार करायचा, हा नियम या शस्त्रक्रियेच्या मुळाशी आहे. बाकी कितीतरी शस्त्रक्रिया माणसावरच शिकल्या गेल्या. ही आधी प्रयोगशाळेतल्या बाकावर शिकली गेली.

झुरिकला परतल्यावर 30 ऑक्टोबर 1967 ला त्यांनी मार्फान सिंड्रोम असलेल्या रुग्णावर पहिली जोडणी केली. मेंदूची मधली धमनी बंद झालेली होती. दुसऱ्याच दिवशी बर्लिंग्टनमध्ये डोनाघी यांनी तीच शस्त्रक्रिया केली. गुरू आणि शिष्य, दोन खंड, लागोपाठचे दोन दिवस.

टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे या कामाची मोजमापं कळतील. कानशिलावरच्या धमनीचा मार्ग डॉप्लरच्या आवाजावर कातडीवर आखून घ्यायचा. मग ती भोवतालच्या थोड्या ऊतीसकट सोडवायची. चिमट्याने थेट धरायची नाही, नाहीतर ती आकसते. आकसलीच तर पापाव्हेरिनमध्ये भिजवलेला कापूस ठेवायचा. तोवर कवटीची खिडकी उघडलेली असते. मेंदूवरची योग्य फांदी निवडली की तिच्याखाली रंगीत रबराचा छोटा तुकडा सरकवायचा, कारण काळा धागा त्यावरच नीट दिसतो. फांदीला दोन बाजूंनी तात्पुरत्या क्लिपा लागतात आणि घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दात्या धमनीचं टोक तिरकं कापून तोंड मोठं करायचं, घेणाऱ्या धमनीला तेवढीच उभी चीर द्यायची, आणि टेन-झीरो नायलॉनचे साधारण दहा-बारा टाके. हा धागा केसाच्या निम्म्याहून बारीक. त्याची सुई खाली पडली तर आवाज होत नाही, म्हणून प्रत्येक सुई मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची.

सर्जनचे डोळे सूक्ष्मदर्शकावरून हलत नाहीत. हात मागे येतो, आणि हवं ते अवजार हव्या त्या दिशेने त्याच्या बोटांत ठेवणं हे सिस्टरचं काम. ते ठेवताना हाताला धक्का लागला तर टाका फाटतो. भूलतज्ज्ञ रक्तदाब खाली येऊ देत नाही आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवतो, कारण तो फार घटला की मेंदूच्या धमन्या आवळतात. मधून मधून हेपारिन घातलेल्या सलाइनची बारीक धार. शेवटी क्लिपा निघतात, आधी मेंदूकडच्या, मग दात्या धमनीची. फिकी पडलेली फांदी लाल होते आणि ठोके देऊ लागते. घरी जाताना रुग्णाला सांगावं लागतं की घट्ट बसणाऱ्या काडीचा चष्मा नको, डोक्याला पट्टा नको, कारण आता कानापुढच्या त्या धमनीवर मेंदूचा भाग अवलंबून आहे.

झुरिकने हे ज्ञान स्वतःजवळ ठेवलं नाही. याशारगिल यांनी तिथे शिक्षणाची प्रयोगशाळा उभी केली. तोल साधणारा, हलक्या हाताने फिरणारा आणि तोंडाने कळ दाबून हलवता येणारा सूक्ष्मदर्शकाचा स्टँड बनवून घेतला. 1969 साली पुस्तक आलं. प्रयोगशाळेत शिकवत होत्या रोझमारी फ्रिक. जगभरच्या कितीतरी सर्जनांनी त्यांच्यासमोर बसून पहिला बारीक टाका घातला. शतकाच्या शेवटी सर्जनांच्या एका नामांकित नियतकालिकाने याशारगिल यांना शतकाच्या उत्तरार्धातला श्रेष्ठ मेंदूसर्जन म्हणून गौरवलं. ते अगदी योग्य होतं. त्या गौरवात एस्थर रॉबर्ट्स आणि रोझमारी फ्रिक यांचा भाग आहे, असं मी मनापासून मानते.

सत्तरच्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. तर्क सरळ होता. रक्त कमी पडतंय, रक्त आणून द्या, पक्षाघात टळेल. हजारो रुग्णांवर ती झाली. तेव्हा कॅनडातल्या लंडन, ओंटारियो इथले हेन्री बार्नेट यांनी विचारलं की खरंच टळतो का. 1977 साली आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. 71 केंद्रं, 1377 रुग्ण. चिठ्ठी काढल्यासारखी वाटणी झाली. 714 जणांना ॲस्पिरिन आणि रक्तदाबाचे नेटके उपचार, 663 जणांना तेच उपचार आणि वर शस्त्रक्रिया. सरासरी साडेचार वर्षांहून अधिक काळ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं.

निकाल नोव्हेंबर 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. जोड 96 टक्के रुग्णांत उघडे होते. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण 0.6 टक्के. कारागिरी म्हणून याहून चांगलं काय असणार? तरीही पक्षाघात शस्त्रक्रिया झालेल्यांना कमी झाले नाहीत. उलट जास्त झाले आणि लवकर झाले. टाका निर्दोष होता, रुग्णाचा फायदा झाला नव्हता.

याचा अर्थ लावताना तीव्र वाद झाले. मेयो क्लिनिकचे थॉरल्फ सुंट आणि इतरांनी विचारलं, की ज्यांना शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज होती असे पुष्कळ रुग्ण अभ्यासाबाहेरच तर शस्त्रक्रियेसाठी गेले नाहीत ना? शिवाय कुणाच्या मेंदूला खरोखर रक्त कमी पडतंय हे त्या अभ्यासात मोजलंच नव्हतं. पुष्कळ पक्षाघात धमनीतून सुटलेल्या गुठळीने होतात, त्यांना वाढीव रक्ताचा काय उपयोग? हे आक्षेप वजनदार होते. त्यांची परीक्षा 2002 ते 2010 या काळात अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात झाली. या वेळी मेंदू रक्तातला किती ऑक्सिजन ओढून घेतोय हे पेट स्कॅनने मोजून, खरी तूट असलेलेच 195 रुग्ण घेतले. दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रियेनंतर 21 टक्के, औषधांवर 22.7 टक्के. म्हणजे जवळपास सारखाच. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांतल्या 14.4 टक्के जणांना झटका आला, औषधांवरच्यांना 2 टक्के. त्यानंतर शस्त्रक्रियेच्या गटाचं चित्र चांगलं होतं, पण सुरुवातीच्या नुकसानाने ती कमाई खाल्ली. अभ्यास मध्येच थांबवण्यात आला.

मग ही शस्त्रक्रिया व्यर्थ होती का? मी ठामपणे नाही म्हणते. 1957 साली जपानमध्ये एका वेगळ्या आजाराची नोंद झाली होती. कवटीच्या तळाशी मोठ्या धमन्या हळूहळू आवळत जातात आणि मेंदू जगण्यासाठी बारीक, कच्च्या वाहिन्यांचं जाळं विणतो. सुझुकी आणि ताकाकु यांनी 1969 साली त्याला मोयामोया हे नाव दिलं. लहान मुलांना त्याने पक्षाघात होतो, मोठ्यांमध्ये त्या कच्च्या वाहिन्या फुटतात. आवळलेली धमनी ॲस्पिरिनने सुटत नाही. इथे कानशिलाची धमनी खरोखर कामी आली. मुलांची धमनी शिवण्याइतकी मोठी नसेल, तर ती नुसती मेंदूच्या पृष्ठभागावर पसरून ठेवायची, मेंदू महिन्यांच्या ओघात तिच्यातून स्वतः फांद्या ओढून घेतो. टोकियोत मात्सुशिमा यांनी 1980 च्या सुमारास ही रीत आणली. रक्तस्राव झालेल्या प्रौढांवर जपानमध्ये झालेल्या अभ्यासात 80 रुग्ण होते. 2014 चा निकाल असा की पुन्हा रक्तस्राव होण्याचं वार्षिक प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 2.7 टक्के होतं, शस्त्रक्रियेविना 7.6 टक्के. अभ्यास लहान, पण त्याने दिशा दाखवली. धमनीवरचा राक्षसी फुगा काढताना मूळ धमनीच बंद करावी लागते, तेव्हाही आधी वळसा तयार ठेवावा लागतो. टोरोंटोचे विल्यम लौघीड यांनी 1971 साली पायाची शीर मानेतून कवटीच्या आत नेऊन या वाटेला बळ दिलं. उट्रेख्टच्या कॉर्नेलिस टुलेकेन यांनी लेसरने तोंड उघडण्याची पद्धत काढली, त्यात मेंदूचं रक्त क्षणभरही थांबवावं लागत नाही.

या इतिहासाने मला शिकवलं ते एवढंच, की हात तयार करणं आणि उपयोग मोजणं ही दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने करावी लागतात. बर्लिंग्टन आणि झुरिकने पहिलं केलं, बार्नेट आणि त्यांच्यानंतरच्यांनी दुसरं. पहिलं नसतं तर मोयामोयाच्या मुलांना देण्यासारखं काही नसतं. दुसरं नसतं तर आजही हजारो माणसं निष्कारण टेबलावर गेली असती.

आता ही शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांना लागते, आणि नेमका तिथेच धोका आहे. जे काम क्वचित करायचं त्याचा सराव बाकावरच ठेवावा लागतो. त्याला फार काही लागत नाही. एक जुना सूक्ष्मदर्शक, दोन चांगले चिमटे, कोंबडीच्या पंखातली मिलिमीटरभर धमनी, थोडा धागा, आणि रोज तिथे बसून शिकवणारं एक माणूस. मेंदूवरच्या शस्त्रक्रियांचं शिक्षण देणाऱ्या आपल्या राज्यातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने असा एक बाक कायमचा राखून ठेवावा. शिकवणाऱ्याच्या पदाला मान आणि पगार द्यावा. आणि त्या बाकावर निवासी डॉक्टरांच्या बरोबरीने थिएटरच्या सिस्टरांनाही बसवावं, कारण टेबलावर ते दोघं एकत्रच काम करतात.